निळा रॉड घेऊन सुरगाण्याला

आमच्या एकलहऱ्याच्या कॉलनीत मासेमारीचा नाद असलेली माणसं दोनच, मी आणि विलास आहेर. त्यातही नाद आधी मला लागला. हे सुरुवातीलाच सांगून ठेवतो, कारण पुढे ते कुणाच्या लक्षात राहत नाही. वीज केंद्रात आम्ही एकाच पाळीला होतो. दारणेच्या काठी गळाला गाठ कशी मारायची, गांडूळ कसं लावायचं, मासा ओढायला लागल्यावर तंगूस, म्हणजे ती नायलॉनची दोरी, केव्हा सैल सोडायची, हे सगळं त्याला मी शिकवलं. म्हणून तो मला मास्तर म्हणायचा. पहिली दोन वर्षं मला त्याचं कौतुक होतं.

मग त्याचा मेहुणा मस्कतहून आला आणि येताना त्यानं विलासला रॉड आणला. निळा, चकचकीत, दोन तुकड्यांचा, बुडाशी बुचाची मूठ, आणि रीळ असं की फिरवलं तरी आवाज नाही. माझ्याकडे बांबूची काठी होती. ती मी स्वतः तासली होती, धुरावर शेकली होती, वर तेल पाजलं होतं, आणि तोवर मला ती फार आवडायची.

कॉलनीतल्या लोकांना मासेमारीतलं ओ की ठो कळत नाही, पण रॉड बघायला सगळे येऊन गेले. आमची हीसुद्धा. येऊन म्हणाली, "विलासभाऊजींचा रॉड किती हलका आहे हो." एवढ्यावर ती थांबली, पण माझं त्या दिवशी जेवणात लक्ष लागलं नाही.

नव्वदच्या दशकाचे शेवटचे दिवस. दिवाळी होऊन गेली होती. आमच्या कँटीनमध्ये सुरगाण्याकडचा एक जण कामाला होता. तो म्हणाला, आमच्या पाड्याखाली नार नदीला मोठा डोह आहे, मरळ मासे आहेत, माझ्या काकांकडे राहा. तीन दिवसांची रजा टाकून आम्ही निघालो. जे कधी त्या बाजूला गेले नाहीत त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. थोडं माझ्यासाठीही आहे, ते पुढे कळेल.

पहिला दिवस: नाशिक ते पाडा

सामान कसं जपायचं हे मासे पकडण्याच्या आधी शिकावं लागतं. पाण्यात जेवढ्या काठ्या मोडतात त्याच्या दहापट रस्त्यात मोडतात. म्हणून मी नाशिकरोडच्या हार्डवेअरच्या दुकानातून प्लास्टिकचा जाड पाईप कापून आणला होता. दोन्ही टोकांना बुचं, आत जुन्या लुगड्याच्या चिंध्या, आणि मधे माझी काठी. गळ वेगळ्या डबीत बुचाला टोचलेले. विलासच्या रॉडला त्याच्या मेहुण्यानं दिलेली कापडी पिशवी होती, पातळ, उशीच्या अभ्र्यासारखी.

स्टँडवर तो म्हणाला, "मास्तर, माझ्या रॉडचा शेंडा तुझ्या पाईपात जातोय का बघ ना. ही पिशवी काही खरी नाही."

मी पाईपात डोळा घालून बघितल्यासारखं केलं आणि म्हणालो, "नाही मावायचं."

आत जागा होती. माझ्या काठीशेजारी असे दोन शेंडे मावले असते. पण त्या पाईपावर मी एक रविवार घालवला होता, आणि आयत्या आलेल्या रॉडनं आयतं त्यात जाऊन बसावं हे मला सोसलं नाही. विलास "बरं" म्हणाला आणि पिशवी मांडीवर घेऊन बसला.

दिंडोरीपासून रस्त्याच्या दोन्ही बाजूंना द्राक्षांचे मांडव लागतात. वणी गेलं की ते संपतात आणि डोंगर जवळ येतात. हवा बदलते, तशी एसटीतली माणसंही बदलतात. वणीला एक म्हाताऱ्या बाई चढल्या. त्यांना बसायला जागा नव्हती, म्हणून त्या दोन बाकांमधे आडव्या ठेवलेल्या माझ्या पाईपावर बसल्या. मी म्हणालो, "मावशी, त्यात काठी आहे." त्या म्हणाल्या, "असू दे, मला टोचत नाय." बोरगावपर्यंत त्या तिथंच होत्या. उतरताना त्यांनी पाईप थोपटला आणि माझ्याकडे बघून हसल्या. आत काठी जशीच्या तशी होती, आणि विलासला मी ती मुद्दाम काढून दाखवली.

सुरगाण्याला उतरलो तेव्हा ऊन डोक्यावर होतं. पाड्याकडे जाणारी जीप भरेपर्यंत हलत नाही, म्हणून चहाला बसलो. शेजारच्या शिंप्यानं विलासला विचारलं की पिशवीत काय आहे. झालं. विलासनं रॉड काढला, जोडला, रीळ लावलं, शिंप्याच्या हातात दिला. पाच मिनिटांत पंधरा माणसं जमली. एकानं विचारलं की याला बॅटरी लागते का. माझ्या पाईपाबद्दल फक्त एकानं विचारलं, आणि तेही बोअरवेलचं काम निघालं का, असं.

तेवढ्यात जीपवाल्यानं हाळी दिली. सगळे धावले, आम्हीही. रॉड सुटा करायला वेळ मिळाला नाही. विलास आत पुढच्या बाजूला एका मास्तरांशेजारी जाऊन बसला. हे शाळेतले खरे मास्तर. त्यानं रॉड पायांमधून खाली लांब सोडला. मूठ त्याच्याकडे, शेंडा माझ्याकडे. मी मागच्या दारापाशी होतो. दार उघडं होतं, आणि शेंडा वीतभर बाहेर आला होता, बरोबर बिजागरीच्या फटीत.

मला तो दिसला, हे लपवण्यात आता अर्थ नाही. एक बाई कोंबड्यांची पाटी घेऊन चढल्या, त्यांना सरकून जागा दिली. मग एक पोतं आलं. मग कुणीतरी उतरून परत चढलं. एवढा वेळ मी त्या शेंड्याकडे बघत होतो. त्याच्या टोकाला बारीकशी कडी होती, आत पांढरा काचेसारखा गोल. फार सुरेख काम होतं. पायानं आत ढकलला असता तरी चाललं असतं. नुसतं "थांबा" म्हटलं असतं तरी चाललं असतं. जीपच्या मागे लटकणाऱ्या माणसानं दार धाडकन लावलं आणि सुपारी फुटल्यासारखा आवाज आला.

"काय झालं रे?" विलासनं तिकडून विचारलं.

"बघतो," मी म्हणालो.

वीतभर शेंडा मोडून लोंबत होता, आतल्या दोन तंतूंवर. विलासनं तो हातात घेतला आणि म्हणाला, "माझीच चूक. मास्तर किती वेळा सांगतो, गाडीजवळ रॉड जोडून ठेवायचा नाही." जीपमधली सगळी माणसं हळहळली. कोंबड्यांच्या बाईंनी त्याला खायला बोरं दिली.

मला वाटलं होतं की आता बरं वाटेल. वाटलंही, पण पहिला चढ संपेपर्यंतच.

दुसरा दिवस: देवराम बाबांची पडवी

कँटीनवाल्याचे काका म्हणजे देवराम बाबा. साठी ओलांडलेले, काटक, बोलायला हळू. घर कुडाचं, शेणानं सारवलेलं, समोर भाताचं खळं. रात्री त्यांच्या सुनेनं नागलीची, म्हणजे नाचणीची भाकरी, उडदाचं घट्ट वरण आणि खुरासणीची चटणी वाढली होती. आमच्याकडे पाहुणा आला की चार पदार्थ करून ताट भरतात आणि त्याला नको नको म्हणायला लावतात. इथं तीनच पदार्थ, पण भाकरी संपायच्या आत दुसरी येते, आणि नको म्हणायची संधीच मिळत नाही. विलासनं चार खाल्ल्या. सून सासूला म्हणाली, "हे पावणं जेवत्यात बरं." मी तीन खाल्ल्या होत्या, त्याची नोंद कुणी घेतली नाही.

सकाळी देवराम बाबांनी रॉड बघितला. मोडलेलं टोक बोटांत फिरवलं, वाकवलं, वास घेतला.

"ह्ये बांबू नाय," ते म्हणाले.

"नाही बाबा, हे फायबर. इथं कसलं दुरुस्त होणार," विलास म्हणाला.

"पोकळ हाय ना? मंग व्हील की." ते उठून आत गेले आणि कोयता, वाळक्या बांबूचा तुकडा, दोऱ्याचं रीळ आणि करवंटीत डिंक घेऊन आले. डिंकात मधाच्या पोळ्याचं मेण मिसळून चुलीवर गरम केलं. बांबूची काडीपेटीतल्या काडीइतकी बारीक कामटी तासली, ती पोकळीत आतून बसवायची. बाहेरून आणखी दोन, आणि वर दोऱ्याचे वेढे. काम दोन दिवसांचं. आज खालचा थर, तो रात्रभर वाळणार, उद्या वरचा.

सगळी तयारी झाल्यावर त्यांनी विचारलं, "कोनाच्या हातनं मोडलं?"

आम्ही एकमेकांकडे बघितलं. बाबांनी समजावलं, "आमच्या घरात ज्याच्या हातनं मोडलं त्यानं धरायचं. मी बांधनार, त्यो धरनार. बांधून होईस्तोवर उठायचं नाय. दुसऱ्याला धरायला लावलं त त्याचा हात कटाळतो, ढिला पडतो. ज्यानं मोडलं त्याचा नाय पडत." मग सुनेकडे हनुवटी उडवून म्हणाले, "परवा हिनं सूप मोडलं. अर्धा दिस धरून बसली." सून हसली आणि म्हणाली, "माझे हात आजून दुखत्यात."

आमच्याकडे वस्तू मोडली की पहिला प्रश्न हाच असतो, कुणी मोडली. पण तो रागवायला विचारतात, आणि म्हणून घरातलं कुणीच खरं सांगत नाही. इथं तो कामाचा भाग होता. उत्तर दिलं की बसायला जागा मिळायची.

"जीपवाल्यानं दार लावलं, पण रॉड मी ठेवला होता," विलास म्हणाला. "मीच मोडला." आणि बाबांसमोर मांडी घालून बसला. दोन्ही हातांत दोन्ही टोकं.

तो किती सहज म्हणाला ते. जे त्यानं केलंच नव्हतं ते त्यानं एका श्वासात कबूल केलं, आणि मी जे केलं होतं ते माझ्या ओठांवरही येत नव्हतं. माझ्याजवळ नसलेल्या त्याच्या सगळ्या वस्तूंपेक्षा त्या वेळी मला या गोष्टीचा जास्त हेवा वाटला.

मी काठी घेऊन एकटाच डोहावर गेलो. डोह खरंच मोठा होता. एका बाजूला काळा कातळ, दुसऱ्या बाजूला उंबराची सावली, पाणी हिरवं आणि स्थिर. आता इथं मी एकटा होतो, रॉड नव्हता, विलास नव्हता, कुणी बघायला येणार नव्हतं. तासाभरात मी गळ दोनदा कातळात अडकवून तोडला. तिसऱ्यांदा स्वतःच्या सदऱ्यात. तो काढताना पाय घसरून कमरेपर्यंत पाण्यात गेलो, आणि गांडुळांचा डबा बुडाला. पिशवीत बोटभर लांबीचे चार मासे घेऊन परत आलो तर पडवीत हे माणसांचं कोंडाळं. विलास मधे, हात तसेच धरलेले, आणि शेजारपाजारचे सगळे त्याला वीज कशी तयार होते ते विचारत होते. एक म्हातारी त्याच्या तोंडात भाजलेले शेंगदाणे घालत होती, कारण त्याचे हात मोकळे नव्हते.

दुपारी खालचा थर बांधून झाला. बाबांनी रॉड खुंटीला टांगला आणि उद्यापर्यंत हात लावायचा नाही म्हणून सांगितलं. विलास बोटं चोळत बसून राहिला. तीन दिवसांची रजा, एवढा प्रवास, आणि त्यानं अजून पाण्यात गळ टाकला नव्हता. मला ते बघवेना. उदार झालो होतो असं नाही. तो समोर नुसता बसलेला मला टोचत होता. म्हणालो, "माझी काठी घे."

"आणि तू?"

"मी दमलो."

गळाला काय लावू असं त्यानं विचारलं तर बाबांनी खळ्याच्या कडेचा छोटा बेडूक आणून दिला. विलास डोहावर गेला, उंबराखाली बसला, माझ्या काठीनं, माझ्या गळानं, मी शिकवलेली गाठ मारून. मी मागोमाग जाऊन वर कातळावर बसलो. पाव तासही झाला नसेल, काठी वाकली. मी ती वाकलेली कधीच बघितली नव्हती तितकी वाकली. सैल सोड, सैल सोड, असं मी मनात म्हणत होतो, आणि खरं सांगतो, त्याच वेळी तंगूस तुटावी असंही म्हणत होतो. त्यानं सैल सोडली, परत घेतली, पाण्यात उतरला आणि हातभर लांबीची मरळ दोन्ही हातांनी छातीशी धरून बाहेर आला.

"मास्तर," तो वर बघून म्हणाला, "तुझ्या काठीला तोड नाही."

मरळ अख्ख्या पाड्यानं बघितली. सुनेनं ती नुसत्या लाल मिरचीत आणि मिठात केली, वर काही नाही. आमच्याकडे इतकं खोबरं आणि मसाला घालतात की मासा कुठला ते विचारावं लागतं. इथं मासा कळत होता. मोठा तुकडा, डोक्याजवळचा, तिनं माझ्या ताटात टाकला, कारण विलासनं तिला सांगितलं होतं की काठी यांची आहे.

तिसरा दिवस: वरचा थर

आमची जीप दुपारी होती. सकाळी चहा झाल्यावर बाबांनी डिंक परत गरम केला आणि खुंटीवरचा रॉड काढला. विलास कालच्यासारखा मांडी घालून बसायला लागला.

"उठ," मी म्हणालो. "आज मी धरतो."

"अरे, तू कशाला? बाबांचा नियम आहे."

"म्हणूनच म्हणतोय."

तो अर्धवट बसलेला तसाच राहिला. मग उठला. मी त्याच्या जागी बसलो आणि दोन्ही टोकं धरली. बाबांनी माझ्याकडे एकदा बघितलं, दोऱ्याचं टोक दातात धरून ओढलं आणि पहिला वेढा घातला.

विलास समोर उभा होता. "दार लागताना तुला दिसलं होतं?"

"हो."

"आधी?"

"बराच आधी."

तो खळ्याकडे बघत राहिला. "आणि पाईप? मावला असता?"

"मावला असता."

तो निघून गेला. मला त्याच्यामागे जाता येईना, कारण माझे हात अडकले होते आणि बाबांचा वेढा अर्ध्यावर होता. दोऱ्याला दोरा लागून बसत होता, मधे बोटभर डिंक, परत दोरा. खांदे भरून आले. मुंगी चावली तरी हात हलवला नाही. सून दोनदा येऊन बघून गेली, पण माझ्या तोंडात कुणी शेंगदाणे घातले नाहीत. शेवटची गाठ मारल्यावर बाबांनी रॉड वाकवून बघितला. तो एकसारखा वाकला.

"चांगला धरला," ते म्हणाले. "आता तिथनं मोडायचा नाय. मोडला त दुसरीकडनं."

विलास जीपचा हॉर्न वाजल्यावरच आला. नदीवर नुसता बसून आला होता, पाय ओले होते. बाबांच्या आणि घरातल्या सगळ्यांच्या पाया पडला, मीही पडलो. त्यांनी आमच्या हातात नागलीच्या पिठाची एकेक पुरचुंडी दिली.

सुरगाण्याच्या स्टँडवर नाशिकची एसटी लागायची होती. तो शिंपी हात करून विचारत होता की मासे मिळाले का. विलासनं त्याला हात केला आणि माझ्याकडे वळून म्हणाला, "तुला हवा होता तर मागायचास ना. मी दिला असता."

"माहीत आहे," मी म्हणालो. "तू दिला असतास. तेच मला नको होतं."

मला वाटलं, आता हा दुसऱ्या बाकावर जाऊन बसेल, उद्यापासून पाळी बदलून मागेल, आणि दारणेच्या काठी मी एकटाच जाईन. तसं त्यानं केलं असतं तर मी त्याला दोष दिला नसता.

एसटी लागली. तो खिडकीपाशी बसला आणि शेजारची जागा रुमाल टाकून धरली. मी बसल्यावर त्यानं रॉड माझ्या हातात दिला. वाकडा होऊ नये म्हणून तो सुटा न करता तसाच ठेवायला बाबांनी सांगितलं होतं, डिंक ओला होता. "धर," एवढंच म्हणाला.

बोरगावच्या पुढे वळणं सुरू होतात. गाडी भरली होती, लोक उभे होते, पोती, पिशव्या, एक सायकलचं चाक. मी शेंडा दोन्ही तळव्यांत धरून छातीशी घेतला होता आणि कुणी जवळ आलं की कोपर पुढे करत होतो. हलका होता तो खरंच. बुचाची मूठ पायाला उबदार लागत होती. असा रॉड आपला असावा, हे मला तेव्हाही वाटत होतं, तितकंच, कमी झालं नव्हतं.

घाटात विलासची मान माझ्या खांद्यावर आली. मला वाटलं चुकून आली असेल, उठेल. पण त्याचा श्वास जड झाला होता. ज्या माणसानं आपला रॉड मोडू दिला त्याच्याच हातात रॉड देऊन, त्याच्याच खांद्यावर डोकं ठेवून तो गाढ झोपला होता. वणी गेलं, दिंडोरी गेलं. माझे हात भरून आले होते, आणि मला त्याच्या त्या झोपेचा हेवा वाटत होता.